धर्माविषयी कोणी बोलावं?



या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला विषय दिला तो ‘धर्म, राष्ट्र आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य’. विषय फार मोठा आहे. त्यावर दिल्लीतल्या वादांची आणि परदेशातल्या उदाहरणांची रास घालता येईल. पण मी ठरवलंय की आज होता होईल तो नाशिक जिल्ह्याची हद्द सोडायची नाही. या विषयातले सगळे मोठे प्रश्न आपल्या जिल्ह्यात विचारले गेलेत, आणि ते विचारणाऱ्यांनी त्याची किंमतही मोजली आहे. धर्माविषयी बोलायचा हक्क कोणाला? त्या धर्मात राहणाऱ्याला? तो सोडून गेलेल्याला? ज्याला देवळाच्या दाराबाहेर उभं केलं त्याला? आणि जो असं बोलतो तो देशाचा कमी होतो का? एवढंच आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

सुरुवात आपल्याच तालुक्यापासून करू. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. पुढे ते कोल्हापूर, मुंबई, पुणे इथे वाढले आणि गाजले. पण आपला तालुका ज्या माणसाची जन्मभूमी आहे त्याने काय लिहून ठेवलं, हे आपल्याला ठाऊक असायला हवं. १९०० साली त्यांचं मराठी सत्तेच्या उदयावरचं इंग्रजी पुस्तक आलं. त्यात त्यांनी एक वेगळाच मुद्दा मांडला. मराठ्यांचं राज्य उभं राहिलं ते केवळ तलवारीच्या बळावर नाही, त्याआधी दोन-तीन शतकं संतांनी माणसं जोडली होती, असं ते म्हणतात. मग ते त्या संतांची मोजदाद करतात. त्यात ब्राह्मण आहेत, कुणबी, शिंपी, माळी, कुंभार, सोनार आहेत, महार आहेत, बायका आहेत, मुसलमान घरात जन्मलेलेही आहेत. श्रीगोंद्याचे शेख महंमद तर वारकऱ्यांना परके कधी वाटलेच नाहीत. रानड्यांच्या लेखी महाराष्ट्र नावाचा समाज घडला तो इतक्या वेगवेगळ्या माणसांनी एका भाषेत देवाशी बोलायला सुरुवात केली म्हणून. आणि देवाशी बोलायचं म्हणजे देवाशी भांडायचंही. संतांइतकं देवाशी कोण भांडलं आहे?

रानडे स्वतः भाविक होते. प्रार्थना समाजात ते प्रवचनं करत, तुकोबांचे अभंग म्हणत. हे सांगायला हवं, कारण धर्माविषयी प्रश्न विचारणारा माणूस नास्तिकच असणार असा आपल्याकडे एक समज होऊन बसला आहे. या भाविक माणसाचं काय झालं? ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. रानडे होते, लोकमान्य टिळक होते, शहरातले अनेक नामवंत होते. मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कपाला हात लावला. गोपाळराव जोशी तिथे होते, डॉ. आनंदीबाईंचे यजमान. त्यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून टाकली. मग काय, शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, चौकशी बसली, वाद वर्ष-दीड वर्ष चालला. या मंडळींच्या घरी श्राद्धाला भटजी मिळेना. लेकीबाळींना माहेरी यायची चोरी झाली. शेवटी १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. आपल्यामुळे स्नेह्यांच्या घरात कलह नको म्हणून घेतलं. त्यांच्यावर जीव टाकणारे सुधारकही तेव्हा त्यांच्यावर रागावले. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत हा सगळा प्रसंग आला आहे. जरूर वाचा.

यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या प्रकरणात सरकार कुठेच नव्हतं. इंग्रज सरकारने कुणाला अटक केली नाही, कुणावर खटला भरला नाही. पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झालेल्या माणसाला नमवलं ते शेजाऱ्यांनी, सोयऱ्यांनी, जेवणाच्या पंगतीने.

पाचच वर्षांनी तोच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला. १८९५ साली राष्ट्रसभेचं, म्हणजे काँग्रेसचं, अधिवेशन पुण्याला भरलं. अधिवेशनानंतर त्याच मंडपात सामाजिक परिषद भरवायची, असा रानड्यांचा बऱ्याच वर्षांचा शिरस्ता होता. राष्ट्राचा विचार आणि समाजसुधारणेचा विचार एका छपराखाली व्हावा, हा त्यामागचा हेतू. पुण्यात विरोध इतका पेटला की मंडप जाळून टाकण्याची भाषा झाली. रानड्यांनी परिषद दुसरीकडे नेली. ज्या दिवशी तो मंडप वेगळा झाला, त्या दिवशी आपलं फार मोठं नुकसान झालं असं मला वाटतं. देशाविषयी हवं तितकं मोठ्याने बोला, पण विधवेविषयी, जातीविषयी, मुलीच्या लग्नाच्या वयाविषयी या मंडपात बोलू नका, असं ठरलं. आजही आपण हेच ऐकतो. ‘आत्ता नको, देशापुढे मोठे प्रश्न आहेत.’ धर्मातल्या अन्यायाचा प्रश्न देशाच्या प्रश्नापेक्षा लहान असतो, हे कधी आणि कुणी ठरवलं?

आता निफाडहून नाशिककडे जाऊ. गोदावरीच्या काठी नाशिकजवळ जलालपूर आहे. तिथे १८६८ साली एका कर्मठ ब्राह्मण घरात लक्ष्मीबाईंचा जन्म झाला. त्यांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, वासुदेव भगवंत जोग. सत्तावनच्या बंडानंतर इंग्रजांनी त्यांना फाशी दिलं. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याने असं झपाटलं की घरात मीठसुद्धा धुऊन घेत. अशा घरातली ही मुलगी अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांच्या घरी आली. टिळक कवी होते, आणि मनाला पटेल ते करून मोकळे होणारे होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळी धर्म बदलणं म्हणजे जिवंतपणी मरणं होतं. बायको सवाष्ण की विधवा, असा प्रश्न पडावा इतकं. लक्ष्मीबाई काही वर्षं नवऱ्यापासून दूर राहिल्या. मग नगरला आल्या, तरी सोवळं-ओवळं सोडलं नाही, आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. पुढे राहुरीला असताना जातीचा त्यांनी आपल्या मनाशी निवाडा केला. यापुढे कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं, असं त्यांनी ठरवलं तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली.

हा क्रम नीट पाहा. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको ओढली गेली, असं तिथे झालेलं नाही. तिने पाच वर्षं घेतली. ती भांडली, रडली, विचार केला आणि मग स्वतः ठरवलं. धर्मस्वातंत्र्य हा शब्द आपण संविधानामुळे वापरतो. पण एका बाईने ते स्वातंत्र्य आपल्या चुलीपाशी कसं कमावलं, हे वाचायचं असेल तर ‘स्मृतिचित्रे’ वाचावं. १९३४ ते १९३६ या काळात त्याचे भाग आले आणि मराठी गद्याचं ते एक शिखर ठरलं. त्यात त्या पहिल्या समाजाविषयी जितक्या मोकळेपणाने लिहितात तितक्याच मोकळेपणाने मिशनविषयीही लिहितात. टिळकांनी तर १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली. ख्रिस्ताची भक्ती इथल्या मातीतल्या रीतीने, कीर्तन-अभंगाच्या वाटेने करायची, हा त्यांचा हट्ट होता. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्वांसाठी त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बालकवी ठोंबरे त्यांच्याच घरी राहिले, लक्ष्मीबाईंच्या हातचं जेवले. त्या घरात धर्म दोन होते, आणि त्यामुळे मराठी कवितेचं काही बिघडलं नाही.

आता याच जिल्ह्यातला दुसरा आवाज ऐका. भगूरचे विनायक दामोदर सावरकर. १९२३ मध्ये त्यांचं हिंदुत्वावरचं पुस्तक आलं. सावरकर तुरुंगात होते, म्हणून ते पुस्तक स्वतःच्या नावाने निघालं नाही, ‘एक मराठा’ या टोपणनावाने निघालं. त्यात त्यांनी व्याख्या केली, की ज्याची पितृभूही ही आणि पुण्यभूही ही, तो हिंदू. आणि त्यांच्या विचारात राष्ट्राचा गाभा हा हिंदू आहे. मला ही व्याख्या मान्य नाही, आणि का नाही ते सांगतो. तिच्या मापाने लक्ष्मीबाई टिळक उण्या ठरतात. त्यांचा तारणारा बेथलेहेमचा, म्हणून पुण्यभू दूरची. सत्तावनचा उठाव हे स्वातंत्र्ययुद्ध होतं असं ठासून सांगणारा ग्रंथ सावरकरांनीच लिहिला, आणि १९०९ मध्ये इंग्रजांनी तो बाहेर पडायच्या आधीच त्यावर बंदी घातली. त्याच सत्तावनमुळे फासावर गेलेल्या माणसाची ही नात. प्रार्थना करताना ती कोणत्या दिशेला तोंड करते, यावरून तिचं देशाशी नातं ठरवायचं? माणसाची भक्ती कुठे आहे हे पाहून त्याचं नागरिकत्व मोजायला लागलो, तर मोजणाऱ्याच्या हाती असा अधिकार जातो जो कोणत्याही लोकशाहीत कोणाच्याच हाती असता कामा नये.

पण सावरकरांशी वाद घालताना एक गोष्ट मी विसरत नाही. गाय हा उपयुक्त पशू आहे, देव नव्हे, असं त्यांनी लिहिलं. पोथीतलं वचन आणि आजचं विज्ञान यात विज्ञान निवडा, असं लिहिलं. आज ते लेख एखाद्या तरुणाने स्वतःच्या नावाने गावच्या ग्रुपवर टाकले, तर संध्याकाळपर्यंत त्याच्या दारात किती माणसं जमतील? सावरकरांना मानणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर स्वतःशी द्यावं.

आता नाशिकचं काळाराम मंदिर. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं रांगेने मंदिराकडे निघाली. दारं बंद होती. दुसऱ्या दिवसापासून दारांपुढे सत्याग्रही बसले. त्यांचा इथला पुढारी कोण? शेजारच्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव गायकवाड, आपले दादासाहेब. रामनवमीच्या उत्सवात, ९ एप्रिलला, रथ दोन्हीकडच्यांनी मिळून ओढायचा असं ठरलं. तो शब्द पाळला गेला नाही. रथ पळवला गेला, दगडफेक झाली, डोकी फुटली. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला. त्याची झळ खेड्यापाड्यांतल्या दलितांना बसली. कुणाची कामं बंद झाली, कुणाच्या वाटा अडवल्या.

त्या दारापुढे बसलेल्या माणसांचं म्हणणं काय होतं? ‘हा राम आमचाही आहे’, एवढंच. इतकं साधं वाक्य बोलण्यात वर्षं गेली आणि तरी दार उघडलं नाही. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून सत्याग्रह थांबवायला सांगितलं. मूर्तीची पूजा करता यावी म्हणून आपण हे सुरू केलं नव्हतं, माणसं जागी व्हावीत म्हणून केलं होतं, असा त्या पत्राचा आशय आहे. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच येवल्यात त्यांनी जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. त्या काळच्या भारतात यापेक्षा जळजळीत वाक्य दुसरं कोणतं? करोडो लोकांच्या भावना दुखावणारं वाक्य होतं ते. आजच्या मापाने त्यांच्यावर किती गुन्हे नोंदवले गेले असते? आणि तोच माणूस बारा वर्षांनी संविधान लिहायला बसला. येवल्यापासून २१ वर्षं विचार करून, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात त्याने याच मातीतला धम्म निवडला. धर्मावर इतकी कठोर टीका करणाऱ्याने देश घडवला. धर्मावर बोलणारा तो देशावर उठणारा, असं म्हणणाऱ्यांनी एकदा येवल्याला जाऊन उभं राहावं.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. संविधानाच्या उद्देशिकेत विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा आणि उपासना यांची स्वातंत्र्यं एका ओळीत आहेत. बोलणाऱ्याचा आणि पूजा करणाऱ्याचा हक्क एकाच ठिकाणी मांडला आहे. दुसरीकडे १९२७ चं कलम २९५-अ आहे. ते लाहोरच्या एका पुस्तिकेवरून पेटलेल्या वादातून आलं, आणि आता भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून बसलं आहे. हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेला धर्माचा अपमान हा त्यातला गुन्हा. तेव्हाच्या कायदेमंडळातही सावधगिरीचा इशारा दिला गेला होता, की धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्याला याने हात लागता कामा नये. तो इशारा द्यायला बॅरिस्टर जीना उभे होते. शंभर वर्षांत आपण ‘दुष्ट बुद्धीने’ हे शब्द गाळून टाकले आणि ‘भावना दुखावल्या’ एवढंच शिल्लक ठेवलं.

मग काहीही बोलायचं का, असं तुम्ही विचाराल. नाही. ‘तुझा देव मला पटत नाही’ हे बोलणं आणि ‘या देवाला मानणाऱ्यांना गावातून हुसका, त्यांच्याकडून भाजी घेऊ नका’ हे बोलणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याने मन दुखेल. दुसऱ्याने माणसाची भाकर जाईल, घर जाईल, जीव जाईल. पहिल्याला संरक्षण हवं, दुसऱ्याला आळा हवा. आपल्याकडे अनेकदा उलटं घडतं. कादंबरीकाराला पोलीस ठाण्यात बसवतात आणि बहिष्काराची हाक देणाऱ्याला हार घालतात.

कादंबरीकारावरून आनंद यादव आठवतात. ‘झोंबी’ लिहिणारे, कागलच्या कुणब्याच्या घरातून आलेले. त्यांनी ‘संतसूर्य तुकाराम’ ही कादंबरी लिहिली. तुकोबांच्या तरुणपणाविषयी काही मजकूर त्यात आहे, त्यावरून वारकरी मंडळी संतापली. २००९ च्या मार्चमध्ये महाबळेश्वरला साहित्य संमेलन होतं, आणि यादव त्याचे निवडून आलेले अध्यक्ष होते. त्यांनी देहूला जाऊन माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं, तरी राग निवला नाही. त्यांनी अध्यक्षपद सोडलं आणि ते संमेलन अध्यक्षाविना झालं. मला त्या कादंबरीतला सगळाच मजकूर पटतो असं नाही. पण ज्या तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, त्यांच्याच नावाने पुस्तक मागे घ्यायला लावायचं? वारकरी संप्रदायाकडे उत्तर द्यायला काय कमी आहे? कीर्तन आहे, प्रवचन आहे, फड आहे, हजारो माणसं रात्र रात्र बसून ऐकतात. एका कीर्तनकाराने उभं राहून दोन तासांत त्या कादंबरीचं खंडन केलं असतं, तर महाराष्ट्राने ते कान देऊन ऐकलं असतं. निवृत्तिनाथांची समाधी आपल्या जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला आहे. वाळीत टाकलेल्या त्या चार भावंडांनी विरोधकांना ग्रंथाने उत्तर दिलं होतं. तो वारसा आपला आहे.

आणि हे फक्त हिंदूंना सांगून चालणार नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत मोर्चाने गेले. तोंडी तलाक बंद करा, एवढी मागणी. १९७० मध्ये पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांच्यावर हल्ले झाले, बहिष्कार झाला. वयाच्या ४४ व्या वर्षी ते गेले. दलवाईंना ज्यांनी टाळ्या दिल्या, त्यांतल्या किती जणांनी अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं ऐकून घेतलं? आणि जे दाभोलकरांसाठी रस्त्यावर आले, त्यांतले किती जण दलवाईंच्या मोर्चातल्या बायकांमागे चालले असते? २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या, २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरेंना. त्या सकाळी आपल्यातले कित्येक जण हळू आवाजात म्हणाले, ‘पण त्यांनी एवढं बोलायला नको होतं.’ मी ते माझ्या कानांनी ऐकलं आहे. बंदूक चालवणारे मूठभर असतात. त्यांना बळ मिळतं ते या वाक्यातून.

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात, गोखले स्मारक सभागृहात, रानड्यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त बाबासाहेबांचं व्याख्यान झालं. विचार करा. निफाडला जन्मलेला ब्राह्मण न्यायमूर्ती, आणि त्याच्याविषयी बोलतोय काळारामच्या दारातून परत पाठवलेला माणूस. बाबासाहेबांनी त्या दिवशी गांधींवर आणि जीनांवर सडकून टीका केली. व्यक्तिपूजेवर टीका केली. वर्तमानपत्रं तुटून पडली, तर छापील भाषणाच्या प्रस्तावनेत त्यांनी त्या वर्तमानपत्रांनाही उत्तर दिलं. त्या भाषणातला एक विचार मी तेव्हापासूनच्या सगळ्या कायद्याच्या पुस्तकांपेक्षा मोठा मानतो. हक्कांचं रक्षण कायदा करत नाही, समाजाची सदसद्विवेकबुद्धी करते, असं ते म्हणाले. पंचहौदच्या चहापासून महाबळेश्वरच्या रिकाम्या खुर्चीपर्यंत जे जे मी तुम्हाला सांगितलं, ते या एका विचाराच्या उजेडात पाहा. प्रत्येक वेळी माणूस हरला तो आपल्या लोकांपुढे.

आपल्या पिंपळगावात पेठ-सुरगाण्याचा आदिवासी मजूर द्राक्षाच्या छाटणीला येतो, उत्तर भारतातला व्यापारी टोमॅटोला येतो, मशिदीची बांग आणि काकड्याची आरती एका पहाटेला ऐकू येते. इथे माणसं एकमेकांशी रोज व्यवहार करतात, पण धर्माविषयी एकमेकांशी बोलत नाहीत. बोलतात ते आपापल्या घोळक्यात. म्हणून माझी संयोजकांना एक विनंती आहे. पुढच्या वर्षी या व्यासपीठावर असा वक्ता बोलवा ज्याचं धर्माविषयीचं मत आपल्यातल्या बहुसंख्यांना टोचेल. त्यानंतर अर्धा तास प्रश्नांना ठेवा, आणि पहिला प्रश्न त्याला सर्वांत जास्त विरोध असणाऱ्याला विचारू द्या. १८९५ साली पुण्याचा मंडप वेगळा झाला. आपला हा मंडप एकच ठेवा. तुम्ही जो वक्ता निवडाल तो माझ्या मतांच्या अगदी विरुद्ध टोकाचा असला, तरी त्याची ओळख करून द्यायला मी स्वखर्चाने येईन, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत पहिल्या रांगेत बसेन.